मारियामातेची ओटी

टीचर,

तुम्ही गेलात तेव्हा तुमचं जे वय होतं, ते ओलांडून मला आता बरीच वर्षं झाली. तरी लिहायला बसले की हात आपोआप समासाची बोटभर जागा सोडतो, तुम्ही शिकवलीत तशी. लेकीनं के. आर. पुरमच्या पुढं घर घेतलंय, खूप उंचावर, आणि तिच्या बाल्कनीतून एक तळं दिसतं. तळं कसलं, तळ्याचा उरलेला तुकडा. गेल्या महिन्यात तिथं बदकं उतरली होती. नातवानं एक डोळा मिटून दोन बोटं पुढं केली आणि तोंडानं बंदुकीचा आवाज काढला. सगळे हसले, मीही हसले. मग आत जाऊन पाणी प्यायले, आणि तेव्हापासून तुम्हाला लिहायचं मनात घोळतंय.

यातलं बहुतेक तुम्हाला ठाऊकच आहे, पण मला माझ्या बाजूनं, क्रमानं सांगू दे. इथल्या, कानडी मुलखातल्या शिवाजीनगरच्या बाजारामागची आपली गल्ली. तमिळ बोलणारे, कोकणी बोलणारे, इंग्रजी बोलणारे असे सगळे कॅथलिक, आणि मधोमध आमचं एकटं मराठी घर. आमचे पूर्वज कुठल्याशा स्वारीबरोबर या मुलखात आले आणि इथंच राहिले, त्यामुळे आमच्या मराठीत निम्मी कन्नड. तुमची मंगळुरी कोकणी आणि आईची ही अशी मराठी, दोघी बुटक्या भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहून आपापल्या भाषेत तासभर बोलायचात, आणि कुणाचं काही अडायचं नाही. तुम्ही आईला अक्का म्हणायचात. आई तुम्हाला टीचर म्हणायची, कारण मी म्हणायची, आणि मग अख्खी गल्लीच म्हणायला लागली.

तुमच्या घरी तुम्ही आणि तुमचा धाकटा भाऊ, दोघंच. आईवडील गेल्यावर तुम्हीच त्याला वाढवलंत, शिकवलंत, आमच्या अण्णांच्या कारखान्यात चिकटवलंत. अण्णा, माझे वडील, तिथं फोरमन, तो लेथवर. शाळा पाच मिनिटांवर होती तरी तो तुम्हाला रोज सायकलच्या कॅरिअरवर बसवून सोडायचा, आणि तुम्ही एका हातानं साडी आणि दुसऱ्या हातानं वह्या सावरत, ‘हळू रे’ म्हणत जायचात. मला त्यानं उरलेल्या पितळेतून एक भोवरा करून दिला होता. इतका नीट तोललेला की फिरताना थांबल्यासारखा दिसायचा. माझ्या त्या वयातला तो सगळ्यात मोठा माणूस होता, टीचर. तुमच्याहूनही थोडासा मोठा.

आणि समोर सुभेदार. फौजेतून निवृत्त झालेले, भरघोस मिशांचे. त्यांची मुलगी माझ्या वर्गात, माझ्याच बाकावर. पडून गुडघा फुटला की आम्ही पोरं रडत त्यांच्याकडेच जायचो. ते ‘काही नाही, काही नाही’ म्हणत आयोडीन लावायचे आणि वर खडीसाखर द्यायचे. नाताळात तेच लाल डगला घालून गल्लीभर फिरायचे. पुढं लोक म्हणायला लागले की त्यांचा स्वभाव पहिल्यापासूनच वाईट होता. तसं नव्हतं. ते आमचे होते, तुमचे होते, तुमच्याच देवळात पुढच्या रांगेत बसणारे होते. म्हणून तर पुढचं सगळं इतकं अवघड झालं.

थंडीच्या दिवसांत तळ्यांवर बाहेरगावची बदकं उतरायची. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की सुभेदार, अण्णा आणि आणखी चारपाच जण एका जुन्या व्हॅनमध्ये बसून निघायचे, कधी के. आर. पुरमकडे, कधी थेट देवनहळ्ळीच्या पलीकडे. अण्णांकडे आमच्या पणजोबांची एक नळीची बंदूक होती. आयुधपूजेला ती पाटावर मधोमध असायची, झेंडू वाहून, हळदकुंकू लावून. तुमच्या भावाकडे बंदूक नव्हती. तो नुसता गंमत म्हणून जायचा, पाण्यात उतरून पडलेली बदकं गोळा करायचा आणि भिजून परत यायचा.

त्या रविवारी संध्याकाळी सगळे सुभेदारांच्या घरी. अण्णा अंगणात पिसं काढत बसलेले. आतल्या टेबलावर बाटली, ग्लास आणि सुभेदारांची बंदूक. सगळ्यात मोठं बदक कुणी पाडलं यावर वाद निघाला. तुमचा भाऊ गमतीनं म्हणाला की सुभेदारांच्या नजरेला आता जत्रेतले फुगेच झेपतील. सगळे हसले. मी आमच्या दारात भोवरा फिरवत होते. आवाज ऐकला. फटाक्यासारखा मुळीच नव्हता तो, मोठं दार आपटावं तसा होता. मग अण्णा तुमच्या भावाला दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आले आणि कुणीतरी जटका आणायला धावलं. घोडा रक्ताच्या वासानं पुढं जाईना, जटकेवाला लगाम धरून पायी ओढत होता, एवढं मला आठवतं. इस्पितळात पोचण्याआधीच, अण्णांच्या मांडीवर, तो गेला. अण्णांचा शर्ट आईनं दोनदा भिजत घातला, आणि मग काही न बोलता पाण्याच्या बंबाखाली जाळून टाकला.

तुम्ही रडलेलं मला आठवत नाही. दफनाच्या दिवशी चर्चच्या बाहेरपर्यंत माणसं होती. कारखान्यातले हिंदू, मुसलमान सगळे मागं चपला हातात धरून उभे होते, कुठं ठेवायच्या ते न कळून. सुभेदारांना पोलिसांनी त्याच रात्री नेलं होतं. राहिल्या त्यांच्या बायको आणि ती मुलगी. आणि मग गल्ली बदलली. त्यांच्या कौलांवर दगड पडायला लागले. दूधवाल्यानं दूध बंद केलं. वर्गात माझ्या बाकावर ती आणि मी अशा दोघीच राहिलो. मागच्या मुली मला खुणेनं बोलवायच्या. मी उठत नव्हते, पण तिच्याशी बोलतही नव्हते. फादर म्हातारे होते. त्यांनी प्रवचनात शांतीबद्दल सांगितलं, लोकांनी मान डोलावली, आणि त्या संध्याकाळी पुन्हा दगड पडले.

पुढच्या रविवारी आई तुम्हाला एकटीनं जाऊ देईना. ‘मी येते, मागं बसेन,’ म्हणाली, आणि डोक्यावर पदर घेऊन मलाही बरोबर घेऊन आली. तुम्ही पुढच्या रांगेत, आम्ही तुमच्यामागं. मिस्सा सुरू व्हायला थोडाच वेळ होता तेव्हा सुभेदारांच्या बायको आल्या, मुलीला घेऊन. त्या डावीकडच्या एका बाकावर टेकल्या, आणि त्या बाकावरची माणसं एक एक करून उठली. आवाज न करता, खोकल्यासारखं करून, जागा बदलल्यासारखं करून. पुढचं बाक रिकामं झालं, मागचं झालं. भरल्या देवळात त्या दोघींभोवती एक विहीर पडल्यासारखी झाली. तुम्ही मागं वळून पाहिलंत. मग उठलात, मधल्या वाटेनं चालत गेलात, आणि त्या बाईंच्या शेजारी जाऊन बसलात. त्यांच्याकडे पाहिलंही नाहीत. प्रार्थनेचं पुस्तक उघडलंत आणि दोघींच्या मध्ये धरलंत. माझ्या शेजारून आई उठली. तिला प्रार्थना येत नव्हती, पुस्तक वाचता येत नव्हतं. ती जाऊन मुलीच्या पलीकडच्या बाजूला बसली.

मी मात्र जागची हलले नाही. मला तुमचा राग आला होता, टीचर. इतका की कानात घूं घूं होत होतं. दुपारी आई तुमच्या स्वयंपाकघरात पेज करत होती, तुम्ही पाटावर बसून लोणच्याच्या बरणीचं फडकं सोडत होतात, आणि मी दारातून विचारलं की तुम्ही त्यांना माफ करून टाकलंत का. आईनं माझ्याकडे डोळे वटारले. तुम्ही फडकं सोडायचं थांबलात.

“नाही गो,” तुम्ही म्हणालात. “ते जमेल तेव्हा जमेल. शेजारी बसायला त्याची वाट कशाला पाहायची?”

आणि मग, वर्गात वापरायचात त्याच आवाजात, “तू तिच्याशी बोलत नाहीस, हे मला दिसतं. गोळी तिनं झाडली का? उद्या तिला तुझी भूगोलाची वही दे. तिचा आठवडा बुडलाय.”

एवढंच रागावलात. मी वही दिली. ती म्हणाली, तुझं अक्षर कळत नाही. मी म्हटलं, मग वाचून दाखवते. असं आमचं पुन्हा सुरू झालं.

त्यानंतरची ती शाळेच्या हॉलमधली सभा. आई आणि मी तिथंही होतो, अण्णा नव्हते. अण्णा त्या दिवसापासून कुठंच जात नव्हते. कारखाना आणि घर. लोकांनी वर्गणी काढून तुमच्या भावाच्या नावानं संगमरवरी क्रूस उभा करायचं ठरवलं होतं, आणि फादरांनी तुम्हाला विचारलं की त्यावर काय कोरावं. तुम्ही उभ्या राहिलात. दगड नको म्हणालात. म्हणालात, आपल्या गल्ल्यांत ज्यांच्या घरी बंदुका आहेत त्यांनी त्या सरकारजमा कराव्या, मला दुसरं काही नको. मग एकेकाला कंठ फुटला. परवाने आहेत. चोराचिलटांचं भय आहे. वडिलांची आठवण आहे. रेल्वेतले एक निवृत्त गार्ड उठले आणि समजुतीनं म्हणाले की दोष बंदुकीचा नाही, दारूचा आहे.

“दारू ते रोज घ्यायचे,” तुम्ही म्हणालात. “प्यालेला माणूस शिव्या देतो, फार तर हात उचलतो. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आला की माफी मागायला समोरचा जिवंत असतो. सुभेदारांना आता कुणाची माफी मागायची, सांगा.”

त्यानंतरही कुणी बंदूक आणली नाही. मला वाटलं, संपलं. पण मे महिना आला. तुमच्यात तो मारियामातेचा महिना. तिची मूर्ती घरोघरी नेतात, एकेका घरी काही दिवस ठेवतात, आणि रोज संध्याकाळी बायका तिथं जमून जपमाळ म्हणतात. त्या वर्षी तुम्ही बायकांनी ठरवलं की मूर्ती आधी बंदूक असलेल्या घरी जाईल. उपदेश करायचा नाही, बंदुकीचं नाव काढायचं नाही. फक्त ज्या खोलीत ती असेल त्याच खोलीत बसायचं. सुभेदारांच्या बायकोही त्या बायकांत होत्या, काळी ओढणी घेऊन, तुमच्या शेजारी. रेल्वेच्या गार्डांनी बंदूक भिंतीवरून काढून माळ्यावर टाकली, तर तुम्ही सगळ्या माळ्याच्या शिडीखाली दाटीवाटीनं बसलात. आठवड्याच्या अखेरीस त्यांनीच ती खाली काढली. बायकोला म्हणाले म्हणे, ‘हिला घेऊन जा, नाहीतर या रोज इथं येऊन माझी कॉफी संपवतील.’ गल्लीत त्या दुर्घटनेनंतर पहिल्यांदा लोक मोकळेपणानं हसले ते या गोष्टीवर.

मग आई भिंतीपाशी आली. मी नळावर होते, ऐकत होते. “टीचर,” ती म्हणाली, “आमच्या घरातही आहे की.”

तुम्ही आमच्या दाराकडे पाहिलंत. आमच्या घरी देव्हारा, त्यात खंडोबा, तुळजाभवानी. इतर बायका काय म्हणतील, फादर काय म्हणतील. आणि अण्णा काय म्हणतील, हे तर तुमच्याहून आईला जास्त ठाऊक होतं. पण तुम्ही ‘सरी अक्का’ म्हणत मान डोलावलीत, आणि त्या आठवड्यात मारियामाता आमच्या घरी आली.

आईनं शिवणाच्या मशीनवर धुतलेली चादर घालून मूर्तीला जागा केली. तिच्या वरच, खुंट्यांवर, आडवी बंदूक. संध्याकाळी बायका येऊन चटईवर बसल्या. जप तमिळमध्ये झाला, कोकणीत झाला. आई मागं हात जोडून उभी. अण्णा बाहेर पायरीवर, पाठ फिरवून. जप संपल्यावर बायका उठायला लागल्या तशी आई म्हणाली, स्वल्प थांबा. आत गेली आणि तबक घेऊन आली. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. तिनं मारियामातेच्या पायांशी खण ठेवला, त्यावर नारळ ठेवला, ओंजळीनं तांदूळ घातले. कुणीतरी तमिळमध्ये विचारलं की हे काय आहे. तुम्ही सांगितलंत की यांच्यात घरी आलेल्या बाईला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत, तिची ओटी भरतात. तिचं आणि तिच्या लेकरांचं बरं व्हावं म्हणून. ‘लेकरांचं’ हा शब्द आला आणि सुभेदारांच्या बायको चटईवर खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. तेव्हा मी तुम्हालाही पाहिलं. तुमचा मुलगाच गेला होता की तो, टीचर. तुम्ही मूर्तीपाशी उभ्या राहून खणाचा काठ पुन्हा पुन्हा सारखा करत होतात.

अण्णा केव्हा आत आले मला कळलं नाही. ते सरळ तुमच्यासमोर येऊन उभे राहिले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

“ती भरलेली होती,” अण्णा म्हणाले. “सुभेदारांची. टेबलावर ठेवली तेव्हा मी पाहिली. भरलेली आहे हे मला ठाऊक होतं. आता सांगावं, मग सांगावं म्हणत मी पिसं काढत बसलो.”

आईच्या हातातलं तबक कललं आणि तांदूळ जमिनीवर सांडले.

“तुम्ही त्याला मांडीवर घेऊन गेलात,” तुम्ही म्हणालात. “शेवटी तो एकटा नव्हता. मी रोज रात्री हेच आठवते, अण्णा. दुसरं नाही.”

अण्णांनी हात वर करून बंदूक खुंट्यांवरून काढली. पणजोबांची बंदूक. ती दाराशी नेऊन, पुन्हा पुन्हा उघडून, आत काही नाही याची खात्री करून त्यांनी गोणपाटात गुंडाळली. सोमवारी ते, गार्डसाहेब आणि आणखी तिघे असे एका रांगेत पोलीस ठाण्यात गेले. ठाण्यातला फौजदार पाच माणसं पाच बंदुका घेऊन आलेली पाहून आधी घाबरला, मग म्हणाला की परवाना मागायला माणसं येतात, परत द्यायला कोण येतं? अण्णा घरी येऊन हे सांगताना हसले. त्यांना हसताना पाहून आई स्वयंपाकघरात निघून गेली आणि उगाचच भांडी हलवत राहिली.

सगळ्यांनी दिल्या असं नाही. दोघांनी शेवटपर्यंत दिल्या नाहीत, एकानं गुपचूप दुसऱ्या गावी विकली. पण आपल्या गल्लीत पुन्हा कधी तो आवाज झाला नाही. रेल्वेलाइनपलीकडच्या चर्चच्या बायका पुढच्या मे महिन्यात तुम्हाला विचारायला आल्या, हे तुम्ही कसं केलंत. त्या आयुधपूजेला पाटावर बंदुकीच्या जागी अण्णांनी माझी कंपासपेटी ठेवली. आणि थंडीत ती जुनी व्हॅन पुन्हा निघाली, आम्हा पोरींनी गच्च भरलेली, पुढं ड्रायव्हरशेजारी तुम्ही, मांडीवर चित्रान्नाचा डबा. देवनहळ्ळीचा किल्ला पाहून येताना अण्णांनी तळ्याशी गाडी थांबवली. मी आणि सुभेदारांची मुलगी पाण्याच्या काठाशी हात धरून उभ्या होतो. बदकं एकदम उठली, शेकडो, आणि आमच्या डोक्यांवरून गेली. तोवर मी बदक पाहिलं होतं ते पिसं काढलेलंच.

सुभेदार बऱ्याच वर्षांनी सुटून आले. मी तेव्हा नोकरीला लागले होते. मिशा नव्हत्या, वाकलेले. फादरांनी त्यांना चर्चच्या बागेचं काम दिलं. तुम्ही जाता-येता त्यांच्याशी थांबून बोलायचात. क्रोटनला पाणी कमी पडतंय, गुलाबाला शेणखत घाला, असं. बाकीचं तुमच्यात कधी बोलणं झालं का, मला ठाऊक नाही. तुमच्या शेवटच्या आजारपणात तुमच्याजवळ रात्रीची कोण होतं ते मात्र सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. तीच, त्यांची मुलगी. तोवर ती आपल्याच शाळेत टीचर झाली होती, आणि पोरी तिलाही नुसतं टीचरच म्हणायच्या.

आता हे पत्र. आधी वाटलं, तुमच्या कबरीवर नेऊन ठेवावं. पण या वयातही तिथं दर रविवारी ती जाते. धूळ पुसते, निशिगंध ठेवते, दगडाखाली कुणाची चिठ्ठी असली तर तीही नीट करून ठेवते. हे तिच्या हाती पडायला नको. कारण यात खरं लिहायचं तर एक गोष्ट लिहावी लागते, जी तिला मी आजवर सांगितलेली नाही. ती माझी सगळ्यात जुनी मैत्रीण आहे, येत्या रविवारी माझ्याकडे जेवायला येणार आहे, आणि तिच्या वडिलांना मी अजून माफ करू शकलेले नाही. तुम्हाला जमलं असेल. मला नाही जमलं, टीचर. प्रयत्न सोडलेला नाही, एवढंच.

तिला कदाचित ठाऊक असेलही. मी कधी विचारलेलं नाही.